डिजिटल पोर्टफोलिओ म्हणजे कॉलेज नक्की काय मागतंय?

जुलैत कॉलेज सुरू झालं की वर्गाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर सूचनांची रांग लागते. यंदा त्यातल्या एका सूचनेनं बऱ्याच घरांत गोंधळ उडवला: ‘सत्राअखेर प्रत्येक विद्यार्थ्याने आपल्या डिजिटल पोर्टफोलिओची लिंक जमा करावी. अंतर्गत गुणांसाठी आवश्यक.’ दोन दिवसांनी एसटी स्टँडवर एका विद्यार्थ्याचे वडील भेटले. म्हणाले, “सर, पोरगं म्हणतंय पोर्टफोलिओ करायचाय. हे शेअर बाजाराचं काही आहे का? पैसे गुंतवायला लागतात का?” त्यांच्या चेहऱ्यावर खरी काळजी होती. बातम्यांत हा शब्द त्याच अर्थानं कानावर पडतो, तर त्यांनी दुसरं काय समजावं? त्याच आठवड्यात कळलं, की एका कॉम्प्युटर सेंटरबाहेर ‘पोर्टफोलिओ बनवून मिळेल’ अशी पाटी लागली आहे आणि काही मुलं पैसे मोजूनही आली आहेत.

हे ऐकून वाईट वाटलं. पोर्टफोलिओ ही विकत घेण्याची वस्तू नाही आणि त्याला पैसाही लागत नाही. मी धुळे जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी भूगोल शिकवतो. काही वर्षं एका पेपरच्या असाइनमेंट मी याच पद्धतीनं घेतो आहे. त्यात काय जमलं आणि कुठे अडलं, ते सांगत सांगत ही गोष्ट उलगडून दाखवतो.

## ई-पीक पाहणी करता ना? मग अर्धं कळलं

त्या वडिलांना मी उलट विचारलं, “ई-पीक पाहणी कोण करतं तुमच्याकडे?” म्हणाले, “हेच पोरगं करतं. शेतात जाऊन फोटो काढतं.”

15 ऑगस्ट 2021 पासून राज्यभर ही पद्धत आली. त्याआधी पिकाची नोंद तलाठ्याच्या हातात होती. आता शेतकरी स्वतः आपल्या गटात उभा राहतो, पीक कोणतं, किती क्षेत्रावर, ते मोबाइलमध्ये भरतो आणि उभ्या पिकाचा फोटो जोडतो. फोटो कुठे काढला तेही अॅप टिपून घेतं.

सात-बारा म्हणजे दोन नमुने एकत्र. गाव नमुना सात सांगतो जमीन कोणाची आणि किती. बारा सांगतो त्यात पिकवलं काय. कॉलेजची मार्कशीट ही सातासारखी असते: नाव, विषय, आकडा. पण तीन वर्षांत त्या मुलानं पिकवलं काय, याचं उत्तर मार्कशीटवर कुठेच नसतं. पोर्टफोलिओ हा त्याचा बारा नंबर. तो त्यानं स्वतः, कामाच्या जागी उभं राहून, फोटोसकट भरायचा.

नेमकं सांगायचं तर असं: सत्रभर केलेल्या कामातून विद्यार्थ्यानं स्वतः निवडलेले काही नमुने, आणि प्रत्येक नमुन्यासोबत त्याचं स्वतःचं टिपण. हा नमुना का निवडला, त्यात काय जमलं, काय चुकलं, पुढच्या वेळी काय बदलेन, हे त्या टिपणात यायला हवं. सगळं एका ठिकाणी ठेवून त्याची लिंक शिक्षकाला द्यायची. नमुना म्हणजे काहीही असू शकतं: निबंध, नकाशा, हिशेबाचा तक्ता, मुलाखतीचं रेकॉर्डिंग, वहीच्या पानाचा फोटो, प्रोग्राम. या लेखात यापुढे नमुना आणि टिपण हे दोनच शब्द लक्षात ठेवले तरी पुरे.

आणखी एक घोळ इथेच मिटवतो. डिजिलॉकर, अपार आयडी आणि अॅकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्स या तीन गोष्टी वेगळ्या आहेत. डिजिलॉकरमध्ये मुख्यतः दुसऱ्यानं दिलेली कागदपत्रं असतात. अपार हा विद्यार्थ्याचा बारा अंकी ओळख क्रमांक. यूजीसीनं, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगानं, 2021 मध्ये नियम करून उभारलेल्या क्रेडिट बँकेत क्रेडिट, म्हणजे पूर्ण केलेल्या अभ्यासाचं मोजमाप, जमा होतं, केलेलं काम नाही. काम कुठे ठेवायचं, याचं उत्तर या तिन्हींत मिळत नाही.

## रोजमेळ, खतावणी, ताळेबंद

पोर्टफोलिओचं काम तीन टप्प्यांत चालतं: जमवणं, निवडणं आणि त्यावर विचार करणं. मला ते किराणा दुकानाच्या हिशेबावरून समजावायला आवडतं, कारण वर्गात दुकानदारांची मुलं असतात आणि कॉमर्सवाल्यांना तर हे पाठच असतं.

दिवसभरात जे घडेल ते रोजमेळात उतरतं. चहाचे दहा रुपयेसुद्धा. तसं सत्रभर जे काम होईल ते फोनमधल्या एका फोल्डरमध्ये पडू द्यायचं: कच्चे आराखडे, चुकलेली गणितं, खोडलेले नकाशे, सगळं. निवड अजून करायची नाही. फक्त तारीख असली पाहिजे.

मग खतावणी. रोजमेळातली नोंद उचलून ज्याच्या त्याच्या खात्यात मांडायची. विद्यार्थी इथे ठरवतो, की माझ्या वीस-पंचवीस तुकड्यांतून कोणते चार मला दाखवायचे आहेत. ही निवड दिसते त्याहून अवघड असते. पहिल्या वर्षी बहुतेक मुलं सगळ्यात सुबक पान निवडतात, रंगीत स्केचपेननं सजवलेलं. दुसऱ्या सत्रात तीच मुलं सगळ्यात जास्त शिकवून गेलेलं पान निवडायला लागतात. हा बदल घडताना बघणं हे माझ्या नोकरीतलं मोठं सुख आहे.

शेवटी ताळेबंद, म्हणजे टिपण. काय कमावलं, काय देणं राहिलं. रोजमेळ कितीही जाडजूड असला तरी त्यावरून धंदा कसा चाललाय ते कळत नाही, त्यासाठी ताळेबंद लागतो. तसंच नुसत्या फायलींच्या ढिगाला पोर्टफोलिओ म्हणत नाहीत. टिपण नसेल तर ते गोदाम झालं.

## एका विहिरीचं माप

हे सगळं हवेत वाटू नये म्हणून एक उदाहरण जवळून दाखवतो. एका विद्यार्थिनीनं आपल्या गावातल्या दोन विहिरींची पाणीपातळी जून ते नोव्हेंबर दर रविवारी मोजायचं ठरवलं. साधन काय, तर सुताची दोरी, टोकाला बांधलेला दगड आणि घरातला शिंप्याचा टेप. आमच्याकडचा काळा कातळ पाणी फारसं साठवत नाही, त्यामुळे विहिरी पावसाळ्यात भराभर चढतात आणि पुढे तितक्याच भराभर उतरतात. विषय चांगला होता.

जुलैअखेर मी तिची पहिली नोंद पाहिली. शाळेजवळच्या विहिरीचं पाणी 31 फुटांवर, मळ्यातल्या विहिरीचं 26 फुटांवर. निष्कर्ष: ‘मळ्यातल्या विहिरीत पाणी पाच फूट वर आहे.’ सोबत दोन्ही विहिरींचे फोटो होते. ते फोटो नसते तर मी बरोबरची खूण करून पुढे गेलो असतो. शाळेजवळच्या विहिरीला दगडी कठडा होता. मळ्यातल्या विहिरीचा कठडा एका बाजूनं पडलेला होता. मी एवढंच लिहिलं: ‘दोरी कुठून सोडली?’

पुढच्या रविवारी तिनं कठडा मोजला. अडीच फूट. म्हणजे एका ठिकाणी कठड्याच्या वरून माप घेतलं होतं आणि दुसऱ्या ठिकाणी जमिनीपासून. 31 मधून अडीच गेले की उरले साडेअठ्ठावीस. फरक पाच फुटांचा नव्हता, अडीच फुटांचा होता.

नंतर तिनं जे केलं त्यासाठी मी हे सांगतोय. तिनं जुना तक्ता पुसला नाही. तो तसाच ठेवला, त्याखाली नवा तक्ता टाकला आणि टिपणात लिहिलं, की पहिल्या पाच रविवारी मी माप कुठून धरायचं ते ठरवलंच नव्हतं, म्हणून दोन विहिरींची तुलना चुकली. ऑगस्टमध्ये आणखी एक गंमत सापडली. आठवडाभर चांगला पाऊस होऊनही मळ्यातल्या विहिरीचं पाणी खाली गेलेलं. तिनं चौकशी केली. त्या आठवड्यात शेतीपंपाला रात्रीची वीज होती आणि पहाटेपर्यंत मोटर चालू होती. त्या दिवसापासून तिच्या तक्त्यात एक रकाना वाढला: ‘आदल्या रात्री मोटर चालली का?’

हा रकाना कोणत्याही पाठ्यपुस्तकात नाही. मोजमाप म्हणजे काय, हे त्या मुलीला त्या दिवशी समजलं आणि ते समजल्याचा पुरावा तारखेसकट माझ्यासमोर होता.

## मग जर्नल काय वाईट होतं?

जर्नल, म्हणजे प्रात्यक्षिकाची वही, वाईट नाही. पण आपण त्याचं काय केलं ते ज्यानं कॉलेज केलंय त्याला ठाऊक आहे. परीक्षेच्या आदल्या आठवड्यात सीनियरचं जर्नल मिळवायचं, रात्र जागून उतरवायचं, सही घ्यायची. एका वर्षी पर्जन्यमानाच्या आलेखात कुणीतरी 84 मिलिमीटरचे 48 केले. ते 48 मला अकरा जर्नलांत सापडले. अकरा मुलांनी आलेख काढला, स्तंभ रंगवला, खाली निष्कर्षही लिहिला. माझ्याआधी त्यातल्या एकालाही तो आकडा खटकला नव्हता.

जर्नलात चूक लपवावी लागते. व्हाइटनर लावायचा, पान फाडायचं, नवं लिहायचं. स्वच्छ पानाला सही मिळते. त्या विहिरीच्या मुलीनं जर्नल लिहिलं असतं तर फक्त दुरुस्त तक्ता उरला असता, आणि दोन तक्त्यांच्या मधे जे शिक्षण झालं ते व्हाइटनरखाली गेलं असतं. पोर्टफोलिओत चूक ठेवायला जागा असते, इतकंच नव्हे, ती का झाली हे सांगितल्याचे गुण मिळतात. मला विचाराल तर या पद्धतीचा सगळा जीव इथे आहे. वेबसाइट, टेम्प्लेट, बॅनर हे नुसतं वेष्टण.

## हे आत्ताच का आलं?

कल्पना जुनी आहे. चित्रकार आणि वास्तुविशारद आपल्या कामाची पिशवी घेऊन फिरत आले आहेत. बी.एड. झालेल्यांना पाठ टाचणाच्या वह्या आठवतील. कॉलेजातल्या डिजिटल पोर्टफोलिओचा विचार केला तर न्यूयॉर्कच्या लाग्वार्डिया कम्युनिटी कॉलेजचं नाव घ्यावं लागतं. स्थलांतरित कुटुंबांतली असंख्य मुलं तिथे शिकतात आणि या शतकाच्या सुरुवातीपासून तिथे हे चालू आहे. न्यूझीलंडमध्ये 2006 साली याच कामासाठी ‘महारा’ नावाची मुक्त प्रणाली सुरू झाली. हा तिथल्या मूळ रहिवाशांच्या माओरी भाषेतला शब्द आहे आणि त्याचा अर्थ विचार करणं. नाव ठेवणाऱ्यांनी मर्मावर बोट ठेवलं आहे.

आपल्याकडे याची गरज वाढली ती नव्या शैक्षणिक धोरणामुळे. धोरण 2020 चं. महाराष्ट्रात स्वायत्त कॉलेजांत ते 2023-24 पासून आणि संलग्नित कॉलेजांत 2024-25 पासून लागू झालं. तीन वर्षांच्या पदवीला 132 क्रेडिट. त्यात फील्ड प्रोजेक्ट, समाजाशी जोडलेला प्रकल्प आणि ऑन जॉब ट्रेनिंग आलं. प्रत्यक्ष कामाचं एक क्रेडिट म्हणजे 30 तास, दोन क्रेडिटच्या प्रकल्पाला 60 तास. आता 60 तास गावात, बँकेत किंवा कारखान्यात घालवलेल्या मुलाची परीक्षा तीन तासांच्या पेपरात कशी घेणार? मग उरतं ते प्रमाणपत्र, आणि शिक्का मारून प्रमाणपत्र देणारे आपल्या ओळखीत असतातच. कामाचा माग ठेवणारं काहीतरी हवं होतं. म्हणून पोर्टफोलिओ.

## “एआयकडून लिहून घेतलं तर?”

हा प्रश्न मला प्रत्येक कार्यशाळेत विचारला जातो. नोव्हेंबर 2022 मध्ये चॅटजीपीटी आलं आणि ‘दोन हजार शब्दांत निबंध लिहा’ या प्रकारची असाइनमेंट जवळजवळ निकामी झाली. पोर्टफोलिओ त्यातून पूर्ण सुटतो असं मी म्हणणार नाही. एआयला सांगितलं तर ते विहिरीच्या पातळीचे खोटे आकडेही देईल आणि त्यावर साळसूद टिपणही लिहील.

पण जागेवरचे बारकावे नेमके सांगणं एआयला जड जातं. ‘पावसाळ्यानंतर भूजल पातळी वाढते’ हे वाक्य कोणीही लिहील. कठडा कोणत्या बाजूनं पडलाय, हे तिथे गेलेल्यालाच माहीत असतं. म्हणून असाइनमेंटचा प्रश्नच असा हवा, की त्याचं उत्तर मुलाच्या गावात, घरात, गल्लीत असेल. दुसरं म्हणजे गुगल डॉक्ससारख्या ठिकाणी लिहिलं तर कोणत्या तारखेला किती मजकूर आला याचा इतिहास राहतो. पाच महिन्यांचं काम एका रात्रीत चिकटवलेलं असेल तर ते कळतं. आणि तिसरा उपाय सगळ्यात जुना आहे: पाच मिनिटं समोर बसवून विचारायचं, “हा फोटो कधीचा? त्या दिवशी काय झालं?”

एआय वापरायला मी बंदी केलेली नाही. कुठे वापरलं ते टिपणात लिहायचं, एवढी अट आहे. एका मुलानं लिहिलं होतं, की मराठी टिपणाचं इंग्रजी त्यानं एआयकडून करून घेतलं, पण ‘शिवार’ला आलेला शब्द पटला नाही म्हणून ‘शिवार’च ठेवलं. मला ते अतिशय आवडलं.

## “आमच्याकडे लॅपटॉप नाही, इंग्रजी येत नाही”

लॅपटॉप लागत नाही. माझ्या वर्गातले बहुतेक पोर्टफोलिओ फोनवर झालेले आहेत. सगळ्यात साधी रीत अशी: गुगल ड्राइव्हमध्ये एक फोल्डर, त्यात एक डॉक, डॉकच्या पहिल्या पानावर अनुक्रमणिका आणि खाली एकेक नमुना व त्याचं टिपण. पुढची हौस असेल तर गुगल साइट्स फुकट आहे. ड्राइव्हला 15 जीबी जागा फुकट मिळते, पण ती जीमेल आणि फोटोंसकट, त्यामुळे व्हिडिओ लांबलचक टाकू नयेत. रेंज नसेल तर घरी वहीत लिहून पानाचा फोटो कॉलेजच्या वायफायवर चढवला तरी चालतं. हस्ताक्षरातलं टिपण मी टाइप केलेल्याइतकंच मानतो. ज्या घरात एकच फोन आहे आणि तो वडिलांबरोबर दिवसभर शेतात असतो, त्या मुलांसाठी प्रयोगशाळेतला एक संगणक आठवड्यातून दोन तास राखून ठेवायला हवा. ही सोय करणं हे कॉलेजचं काम आहे, मुलाचं नाही.

भाषेबद्दल माझं मत ठाम आहे. टिपण ज्या भाषेत विचार येतो त्या भाषेत लिहावं. आमच्याकडची बरीच मुलं घरी अहिराणी बोलतात. पहिलं टिपण लिहिताना ती अडखळतात, ‘सदर प्रकल्पाच्या माध्यमातून’ अशी सरकारी वाक्यं लिहितात. त्यांना मी सांगतो, आधी फोनमध्ये बोला, तुमच्या बोलीत, आईला सांगता तसं. मग ते ऐकून लिहा. टिपण एकदम जिवंत होतं.

दोन छोट्या तांत्रिक गोष्टींवर मात्र दरवर्षी मुलांचे गुण जातात. लिंक दिली पण ती उघडायची परवानगी दिली नाही, हा पहिला प्रकार. जमा करण्याआधी मित्राच्या फोनवर उघडून बघा. दुसरा त्याहून दुखरा: कॉलेजनं दिलेल्या ईमेलवर सगळं ठेवलं, कॉलेज संपलं, खातं बंद झालं, तीन वर्षांचं काम गेलं. एक प्रत स्वतःच्या खात्यात हवीच.

## “गुण कशावर? आणि वाचणार कोण?”

सजावटीवर गुण नकोत, नाहीतर कॉम्प्युटर सेंटरवाल्याचं फावतं. माझी 20 गुणांची विभागणी मुलांना पहिल्याच दिवशी फळ्यावर लिहून दिलेली असते: नमुन्यांच्या निवडीला 4, टिपणाला 8, मधल्या सूचनेनंतर केलेल्या दुरुस्तीला 5, मांडणीला 3. अशा आधी जाहीर केलेल्या मोजपट्टीला रुब्रिक म्हणतात. दुरुस्तीला वेगळे गुण ठेवले की सत्राच्या मध्यावर काहीतरी दाखवावंच लागतं, शेवटच्या रात्रीची धावपळ आपोआप कमी होते.

वाचणार कोण, हा खरा प्रश्न आहे आणि त्याचं सोपं उत्तर माझ्याकडे नाही. वर्गात 80 मुलं. प्रत्येकी दहा मिनिटं धरली तरी 800 मिनिटं, म्हणजे तेरा तासांहून जास्त. सत्रात दोनदा वाचायचं तर सत्तावीस तासांच्या घरात. राज्यातल्या अनेक कॉलेजांत प्राध्यापकांच्या जागा रिकाम्या आहेत आणि बरंच शिकवणं तासिका तत्त्वावरच्या शिक्षकांवर चाललं आहे. त्यांना मानधन घेतलेल्या तासाचं मिळतं, घरी बसून वाचलेल्या पोर्टफोलिओचं नाही. विद्यापीठांनी हे काम कार्यभारात धरलं नाही तर काय होईल ते मला स्पष्ट दिसतं. जर्नलवर सही व्हायची तशी लिंकवर खूण होईल, आणि मुलांना दोन महिन्यांत कळेल की कोणी उघडतच नाही. एकदा ते कळलं की संपलं. न वाचला जाणारा पोर्टफोलिओ मागण्यापेक्षा तो न मागितलेला बरा.

मी काही तडजोडी केल्या आहेत. नमुने फक्त चार. टिपण दीडशे शब्दांच्या आत. मधल्या वाचनात एकच नमुना आणि त्यावर माझा एकच प्रश्न, ‘दोरी कुठून सोडली?’ यासारखा. तो प्रश्न लिहायला अर्धा मिनिट लागतो, सुचायला मात्र लक्ष देऊन वाचावं लागतं. आणखी एक, मुलं जोडीनं एकमेकांचं आधी वाचतात. आकड्यांच्या अदलाबदलीसारख्या चुका तिथेच पकडल्या जातात. दरवर्षी एका पेपरापुरतंच हे करावं, सगळ्या विषयांत एकदम सुरू करू नये, असं मी सहकाऱ्यांना कळकळीनं सांगतो. मुलावर सहा विषयांचे सहा पोर्टफोलिओ पडले तर तोही उतरवायच्याच मागे लागेल.

## “सगळं ऑनलाइन ठेवायचं, मग खासगीपणाचं काय?”

इथे माझ्याकडून एकदा गंभीर चूक झाली. ग्रामसर्वेक्षणाच्या प्रकल्पात एका गटानं भरलेल्या प्रश्नावलीचा फोटो टाकला. त्यावर कुटुंबप्रमुखाचं नाव, मोबाइल नंबर, घरातल्या माणसांची माहिती, सगळं. आणि लिंक कोणालाही उघडेल अशी ठेवलेली. लक्षात आल्यावर ते काढलं, पण ते सांगायची जबाबदारी माझी होती आणि मी ते आधी सांगितलं नव्हतं. त्या कुटुंबानं विश्वासानं दार उघडलं होतं.

तेव्हापासून पहिला तास यावरच असतो. लिंक फक्त शिक्षकापुरती. माणसाचा चेहरा दिसत असेल तर त्याला विचारून, नाहीतर पाठमोरा फोटो. पाणवठ्यावरच्या बायकांचे फोटो तर विचारल्याशिवाय काढायचेच नाहीत. आधार, रेशनकार्ड, फोन नंबर यांतलं काहीही नको. मुलींनी स्वतःचा फोटो आणि घराचा पत्ता टाकण्याची काहीही गरज नाही. 2023 च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यानं अठरा वर्षांखालच्यांच्या माहितीसाठी पालकांची संमती मागितली आहे, आणि पहिल्या वर्षाच्या वर्गात सतरा वर्षांची मुलं असतात, हे प्राचार्यांनीही ध्यानात घ्यावं. एखाद्याला आपलं काम जगाला दाखवायचं असेल तर तो निर्णय त्याचा, कॉलेजनं सक्ती करायची नाही.

## “याचा नोकरीला उपयोग होतो का?”

कोडिंग करणाऱ्यांना गिटहब आणि डिझाइनवाल्यांना बिहान्स ही आपलं काम मांडायची संकेतस्थळं लागतातच, त्या क्षेत्रांत पदवीआधी काम बघतात. बी.ए.च्या मुलाला लिंक दाखवून लगेच नोकरी मिळेल असं आश्वासन मी देत नाही. मुलाखतीत ‘प्रोजेक्ट काय केला?’ असं विचारल्यावर गप्प बसणारी मुलं मी खूप पाहिली आहेत. पोर्टफोलिओ केलेला मुलगा तिथे दोन वाक्यं तरी नेमकी बोलतो, आणि ती त्याची स्वतःची असतात.

## गुण मिळाल्यानंतर

बहुतेक पोर्टफोलिओ निकालाच्या दिवशी थांबतात. ते मी चालवून घेतो, प्रत्येकाला प्रत्येक विषयाचा ध्यास लागत नाही.

विहिरींच्या मुलीचा थांबला नाही. तिच्या दोन विहिरींच्या मधून काळ्या दगडाची एक उभी भिंत जमिनीतून गेलेली आहे. धुळे-नंदुरबार पट्ट्यात अशा भिंती जागोजागी आहेत, भूगोलात त्यांना डाइक म्हणतात, आणि काही ठिकाणी त्या जमिनीखालचं पाणी अडवतात. अडीच फुटांचा फरक मोटरचा की या भिंतीचा, हे तिला एका पावसाळ्याच्या आकड्यांवरून ठरवता आलं नाही, आणि तिनं ते तसंच लिहिलं. नोव्हेंबरच्या शेवटच्या नोंदीत दोन फोटो आहेत. दोन्ही विहिरींच्या आतल्या बाजूला, जमिनीच्या पातळीवर, पांढऱ्या ऑइलपेंटनं ओढलेली वीतभर रेघ. खाली लिहिलंय: ‘शून्य इथून धरायचं. जूनमध्ये भिंतीपलीकडची तिसरी विहीर घेणार आहे.’